चाळिशीनंतरची नवी नोकरी आणि नवा व्यायाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीतील एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात अठरा वर्षे काढल्यावर वयाच्या ४६व्या वर्षी मी ती नोकरी सोडली आणि प्रशिक्षणाच्या कामात शिरले. त्याच वर्षी रक्तदाबाची गोळी सुरू करण्याची भाषा डॉक्टरांनी केल्यामुळे चालायलाही लागले. तेव्हापासून ओळखीचे आणि त्यांच्या ओळखीचे लोक व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न पाठवत असतात, म्हणून उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवत आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल, तर तिथे फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझे वय ४७ आहे. आता क्षेत्र बदलायला फार उशीर झाला का?

निवृत्तीचे वय ५८ धरले तरी तुमच्यापुढे अकरा वर्षे आहेत, आणि अकरा वर्षांत माणूस एखादे काम शिकून त्यात जुनाही होतो. शिवाय या वयात क्षेत्र मुळापासून बदलणारे लोक मी फार थोडे पाहिले आहेत. बहुतेकजण अर्धे सामान बरोबर नेतात : खरेदी विभागात वीस वर्षे काढलेला माणूस पुरवठादारांच्या ऑडिटकडे वळतो, शाळेतील शिक्षिका कंपनीच्या प्रशिक्षण विभागात जाते, स्टोअर सांभाळणारा गोदामाच्या सॉफ्टवेअरची अंमलबजावणी करू लागतो. तेव्हा आधी आपल्या रोजच्या कामातील कोणता भाग दुसरीकडेही लागतो, याची यादी करावी. पदवी अर्धवट राहिली असेल, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९पासून नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावे म्हणून चालले आहे आणि तिथे वयाची अडचण येत नाही.

वयाचा फटका बसतो तो पगारात. पहिला प्रस्ताव बहुधा सध्याच्या पगारापेक्षा कमी असतो, आणि तो किती कमी चालेल हे मुलाखतीला जाण्यापूर्वी घरी बसून ठरवलेले बरे.

२. नवी नोकरी एक तारखेला सुरू होत आहे. त्याच दिवसापासून जिमही लावू का?

लावू नका. या पानावरचे माझे सर्वांत ठाम मत हेच आहे आणि त्याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. नव्या नोकरीच्या पहिल्याच सोमवारी मी घराजवळच्या एका जिमचे वर्षाचे पैसे भरले होते. पावती आजही कपाटात आहे आणि बारा महिन्यांत मी तिथे अकरा वेळा गेले. नव्या ठिकाणी पहिले सहा-आठ आठवडे डोके सतत कामाला लागलेले असते, कारण माणसांची नावे, पद्धती, कोणाला काय विचारायचे, सगळेच नवे असते. संध्याकाळी शरीर दमलेले नसते, तरीही उठवत नाही. अशा वेळी व्यायामाचा दिवस चुकतो, त्याचे वाईट वाटते आणि ते वाईट वाटणे नोकरीच्या खात्यावर जमा होते.

दोन्ही करायचे असेल, तर व्यायाम आधी सुरू करावा. नोटीस पिरियडचे दोन-तीन महिने त्यासाठी उत्तम असतात. कामाचा भार हळूहळू उतरत असतो, येण्याजाण्याच्या वेळा माहीत असतात आणि नाहीतरी त्या दिवसांत जुन्या कचेरीत आपल्याला कोणी फारसे विचारत नाही. नोटीस संपेपर्यंत रोजचे वीस मिनिटे चालणे अंगवळणी पडले असेल, तर नव्या नोकरीच्या धामधुमीतही ते टिकते. नोटीस आधीच संपली असेल, तर पहिले दोन महिने फक्त चालावे आणि जिम, पोहणे, झुंबा वगैरे विचार तिसऱ्या महिन्यात करावा.

३. व्यायाम किती करायचा? रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत का?

दहा हजार हा आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आलेला आहे. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. तो वैद्यकीय निकष म्हणून ठरवलेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम अशी आहे, आणि त्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करायला सांगितले आहे. मध्यम म्हणजे बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही इतपत दम लागणे.

यातला दुसरा भाग आपल्याकडे सर्रास गाळला जातो. तिशीनंतर दर दशकाला साधारण तीन ते आठ टक्के स्नायू कमी होतात आणि नुसत्या चालण्याने ते भरून येत नाहीत. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते. तालमींच्या या पुण्यात जोर-बैठका नव्याने समजावून सांगाव्या लागतात, याची मला गंमत वाटते.

४. पुण्यात सुरुवात कुठून करावी?

घरापासून दहा मिनिटांवर जे असेल तिथून. कोथरूडच्या माणसाने तळजाईची आणि धनकवडीच्या माणसाने वेताळ टेकडीची स्वप्ने पाहिली, की सगळा उत्साह गाडी काढण्यातच जातो.

ज्यांना निवडीला वाव आहे त्यांनी चढाचा क्रम लावावा. तळजाईच्या पठारावर मातीची, बरीचशी सपाट वाट मिळते आणि नवशिक्या गुडघ्यांना ती मानवते. त्यानंतर पर्वती. तिथल्या १०३ पायऱ्या दगडी, रुंद आणि बुटक्या आहेत, त्यामुळे मध्येच थांबले तरी अवघडल्यासारखे होत नाही. सकाळी सहाला तिथे एक आजोबा दिसतात. ते चढताना डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात टाकतात. पाच झाले की देवाला हात जोडून घरी. फेऱ्या मोजण्याचे इतके चांगले साधन मी दुकानात पाहिलेले नाही. फर्ग्युसन महाविद्यालयामागची हनुमान टेकडी आणि मग वेताळ टेकडी हा पुढचा टप्पा आहे. वेताळवर पाऊण ते एक तास सहज जातो, म्हणून कामाच्या दिवशी तिथे जाणाऱ्याने घड्याळ पाहून परतावे.

सिंहगड रविवारसाठी ठेवावा. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर आहे आणि आतकरवाडीच्या वाटेने पाचशे मीटरांहून अधिक चढ अंगावर येतो. पहिल्या महिन्यात तो चढू नये. आणि वर पोचल्यावर पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही एवढे सगळे घेणार असाल, तर तो दिवस सहलीचा म्हणून मोजावा.

५. सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवायलाच हवे का?

आजवर काही त्रास नसेल आणि फक्त चालायचे असेल, तर बहुतेकांना गरज नसते. छातीत दुखणे, चढताना इतरांपेक्षा फार लवकर दम लागणे, चक्कर, धडधड, पायांवर सूज यांपैकी काही असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल, अथवा घरात कोणाला कमी वयात हृदयविकाराचा झटका आला असेल, तर आधी दाखवावे. व्यायाम करताना छातीत दडपण आले, ते हाताकडे किंवा जबड्याकडे सरकले किंवा दरदरून घाम फुटला, तर ‘पित्त असेल’ म्हणत घरी न जाता थेट रुग्णालय गाठावे.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी टेकडीवर जाण्याबद्दल डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारावा आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी.

६. एकवीस दिवस नेमाने केले की सवय लागते, हे खरे आहे का?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला, २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत उपयोगी आहे. एखादी कृती आपोआप होऊ लागायला त्यांना सरासरी ६६ दिवस लागलेले दिसले, पण व्यक्तिगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. जेवणाबरोबर पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली; व्यायामाला जास्त दिवस लागले. त्यामुळे बाविसाव्या दिवशी गजर बंद करून झोपलात, तर त्यात तुमचा दोष शोधू नका.

त्याच अभ्यासात असेही दिसले, की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडत नाही. दीर्घ खंडाची गोष्ट वेगळी. त्यासाठी प्रश्न ७ पाहा.

७. गणपतीत दहा दिवस आणि पुढे तापात आठ दिवस खंड पडला. पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची का?

शून्यापासून नको, पण सोडले तिथूनही नको. दोन-तीन आठवड्यांच्या खंडानंतर आधीच्या निम्म्या वेळेने सुरू करून दोन आठवड्यांत पूर्ववत व्हावे. तापानंतर अंगदुखी आणि थकवा पूर्ण जाईपर्यंत थांबावे. ताप असताना घाम गाळून तो उतरवण्याचा प्रयोग हृदयाला महागात पडू शकतो. पावसाळ्यात टेकडीच्या वाटा शेवाळतात. ते चार महिने सोसायटीचा जिना, वाहनतळ किंवा घरातले सूर्यनमस्कार चालतील.

८. राजीनामा देण्यापूर्वी गाठीला किती पैसे असावेत?

नवे नियुक्तिपत्र हातात असेल, तर दोन महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते पुरेसे होतात, कारण जुन्या कंपनीचा अंतिम हिशेब आणि नव्या कंपनीचा पहिला पगार यांत हमखास फट पडते. नियुक्तिपत्र नसताना राजीनामा द्यायचा असेल, तर किमान सहा महिन्यांचा खर्च हवा, आणि तो मोजताना घराचा हप्ता, शाळेची फी आणि विम्याचे हप्ते विसरू नयेत. फी वर्षातून दोनदाच जाते, म्हणून ती मासिक खर्चात दिसत नाही आणि नेमक्या जूनमध्ये घाम फोडते.

वर्षाच्या मध्यात नोकरी बदलल्यास आधीच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील नव्या कंपनीला द्यावा. तो न दिल्यास दोन्ही कंपन्या वजावट आणि कमी दराचे टप्पे वेगवेगळे धरतात, आणि विवरणपत्र भरताना राहिलेला कर एकदम भरावा लागतो.

९. मला या कंपनीत चार वर्षे दहा महिने झाले आहेत. ग्रॅच्युइटी मिळेल का?

कायम कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून सेवेच्या वर्षांनुसार एकदम मिळणारी रक्कम, मिळते, असा साधा नियम आहे. चार वर्षे पूर्ण आणि पाचव्या वर्षात २४० दिवस भरले असतील तरी हक्क लागतो, असा अर्थ न्यायालयीन निर्णयांत लावला गेला आहे. परंतु सर्वच कंपन्या तो आपणहून मानत नाहीत आणि मग प्रकरण तक्रारीपर्यंत जाते. माझा सल्ला व्यवहारी आहे : दोनच महिने उरले असतील, तर नव्या कंपनीकडे रुजू होण्याची तारीख पुढे मागून घ्यावी. रक्कम काढण्यासाठी मासिक वेतनाला २६ने भागून १५ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणावे. ग्रॅच्युइटीसाठी धरले जाणारे वेतन ४०,००० रुपये आणि सेवा सहा वर्षे असेल, तर सुमारे १,३८,४६० रुपये होतात.

१०. जुन्या नोकरीचा पीएफ काढून घेऊ की ठेवू?

नवी नोकरी लागत असेल, तर तोच यूएएन (नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा क्रमांक) नव्या कंपनीला देऊन रक्कम तिकडे वर्ग करावी. सलग पाच वर्षांच्या सेवेआधी काढलेल्या रकमेवर कर लागतो, आणि वर्ग केल्यास जुन्या नोकरीची वर्षेही त्या पाचांत धरली जातात. पेन्शनचा भाग लोक विसरतात : मासिक पेन्शनचा हक्क दहा वर्षांच्या सेवेनंतर मिळतो आणि त्याआधी पेन्शनचे पैसे काढल्यास ती वर्षे हिशेबातून जातात. राजीनाम्यापूर्वी आधार, पॅन आणि पीएफ खात्यावरील नाव-जन्मतारीख जुळते का, ते तपासावे. स्पेलिंगमधल्या एका अक्षरासाठी महिनोन्‌महिने अडकलेले दावे मी हाताळले आहेत.

११. कंपनीचा आरोग्य विमा कधी बंद होतो?

साधारणपणे शेवटच्या कामाच्या दिवशी, आणि त्यात आईवडील असतील तर त्यांचेही संरक्षण त्याच दिवशी संपते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे, मात्र त्यासाठीची विचारणा संरक्षण चालू असतानाच करावी. नव्याने घेतलेल्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो, म्हणजे तेवढे दिवस त्या आजारांचा खर्च मिळत नाही, आणि २०२४पासून त्याची कमाल मर्यादा तीन वर्षे आहे. म्हणून चाळिशीत असताना, नोकरी बदलायची असो वा नसो, स्वतःची एक लहानशी पॉलिसी चालू ठेवावी.

१२. नव्या कचेरीत सगळे माझ्या मुलीच्या वयाचे आहेत. साहेबही. फार अवघडल्यासारखे होते. काय करावे?

पहिल्या दिवशी मला तिथले कॉफीचे यंत्रच चालवता येईना. कप ठेवला, बटण दाबले, काहीच झाले नाही, पुन्हा दाबले. मागे रांग लागली. एक मुलगा पुढे झाला आणि म्हणाला, “मॅडम, आधी कार्ड टेकवावं लागतं.” अर्ध्या तासाने बैठकीत कळले, की तोच माझा साहेब. त्याचे वय तेव्हा २९ होते.

यात दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. यंत्र, सॉफ्टवेअर, सुट्टीचा अर्ज यांतले अज्ञान आठ-दहा दिवसांचे असते आणि विचारून संपते. विचारताना वहीत लिहून घ्यावे, म्हणजे तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारावा लागत नाही. तरुण सहकारी कंटाळतात ते या तिसऱ्या खेपेला. दुसरे अवघडलेपण मानाचे असते आणि ते जास्त दिवस टिकते. ‘आमच्या जुन्या कंपनीत असे नव्हते’ हे वाक्य पहिले तीन महिने तोंडातून निघू द्यायचे नाही, एवढे पथ्य मी पाळले आणि ते उपयोगी पडले. सुधारणा सुचवायचीच असेल, तर जुन्या कंपनीचे नाव न घेता सुचवता येते.

हाक काय मारावी, हेही अनेकजण विचारतात. आयटीत नावानेच हाक मारतात, तिथे एकट्याने ‘सर’ म्हणत राहिल्यास समोरच्यालाच अवघडते. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत अजून ‘सर’ आणि ‘साहेब’ चालते. पहिले दोन दिवस कान उघडे ठेवले की अंदाज येतो.

१३. सकाळी साडेसातला हिंजवडीची कंपनी बस पकडते, घरी यायला रात्रीचे आठ. व्यायामाला वेळ कुठून आणू?

पहाटे साडेचारला उठा, असे मी सांगणार नाही. झोप कापून केलेला व्यायाम महिनाभरात सुटतो आणि प्रौढ माणसाला सात तास झोप लागतेच. तुमच्या दिवसात तीन जागा आहेत : बसथांब्यापर्यंतचे अंतर, जेवणाची सुट्टी आणि रात्री जेवणानंतरची दहा मिनिटे. रिक्षा सोडून थांब्यापर्यंत जाता-येता पायी गेलात आणि डबा खाल्ल्यावर आवारात दहा मिनिटे भरभर फिरलात, तर आठवड्याची दीडशे मिनिटे जवळपास भरतात. ताकदीचे व्यायाम शनिवार-रविवारी करावेत. घरून काम करण्याचा दिवस मिळत असेल, तर वाचलेले प्रवासाचे तास कामाला देऊन टाकण्याची चूक करू नये.

१४. माझी रात्रपाळी असते. मग?

पाळी संपवून आल्याबरोबर जोरकस व्यायाम केल्यास झोप उडते. आधी झोपावे आणि उठल्यावर, पाळीला निघण्यापूर्वी व्यायाम करावा. पाळी दर आठवड्याला बदलत असेल, तर घड्याळातली वेळ न धरता ‘झोपून उठल्यावर’ अशी खूण धरावी.

१५. चालायला लागल्यापासून गुडघे दुखतात. थांबवू का?

दुखणे कोणते, हे आधी पाहावे. नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस मांड्या-पोटऱ्या दुखणे स्वाभाविक असते. सांध्यातच दुखत असेल, सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा रात्री दुखून जाग येत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. टेकडीवर जाणाऱ्यांचे गुडघे पुष्कळदा उतरताना दुखतात, कारण उताराला गुडघ्यांवर चढापेक्षा जास्त ताण येतो. उतरताना पावले लहान टाकावीत आणि पर्वतीसारख्या ठिकाणी कठड्याचा आधार घेण्यात कमीपणा मानू नये. ताकदीच्या व्यायामांनी (प्रश्न ३) मांडीचे स्नायू बळकट झाले, की ही तक्रार अनेकांची कमी होते.

१६. मित्राशी पैज लागली आणि मॅरेथॉनला नाव नोंदवले. दोन महिने उरले आहेत. जमेल का?

पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. आज पाच किलोमीटर न थांबता धावता येत नसेल, तर दोन महिन्यांत ती करू नये. अंतर बदलून पाच किंवा दहा किलोमीटरचे घ्यावे. पुण्यात १९८३पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन होत आली आहे, त्यामुळे पुढच्या वर्षीसाठी पैज वाढवून घ्यायला मित्राची हरकत नसावी. नवी नोकरीही याच दोन महिन्यांत असेल, तर प्रश्न २ पुन्हा वाचावा.

१७. नव्या नोकरीला तीन महिने झाले, पण मन रमत नाही. जुनी कंपनी परत बोलावते आहे. जाऊ का?

तीन महिन्यांची अस्वस्थता बहुतेकांना येते, म्हणून निर्णयापूर्वी कारण कागदावर लिहावे. ‘काम अवघड आहे’, ‘ओळखी नाहीत’ ही कारणे असतील, तर सहा महिन्यांपर्यंत थांबावे. ‘सांगितलेले काम आणि दिलेले काम वेगळे आहे’, ‘पगार वेळेवर होत नाही’, ‘खोट्या कागदांवर सह्या मागतात’ ही कारणे असतील, तर थांबू नये. जुन्या ठिकाणाहून ज्या कारणासाठी बाहेर पडलात ते तिथे अजून आहे का, हे तिथल्या शिपायापासून साहेबापर्यंत दोन-चार जणांना विचारावे.

परत जायचे ठरलेच, तर जुनी खुर्ची मिळाली तरी सेवाकाळ बहुधा नव्याने मोजला जातो. ग्रॅच्युइटीची पाच वर्षे (प्रश्न ९), साठलेली रजा आणि नोटीस पिरियड यांचे काय होणार, हे सही करण्यापूर्वी ईमेलवर लेखी घ्यावे. फोनवर ‘आपलंच घर आहे, बघू’ असे सांगणारे साहेब वर्षभराने दुसऱ्या कंपनीत असतात.